वसईचा कोट : पायी फिरून पाहिलेला इतिहास

मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा पाककृती नको, काहीतरी माहितीपर लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; इतिहासाचे ग्रंथ लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हे. परंतु पायी फिरण्याची व विचारपूस करण्याची मला आवड आहे. नणंद वसईला असल्यामुळे तेथे माझे अनेकदा जाणे झाले, आणि दर खेपेस एक सकाळ मी किल्ल्यासाठी राखून ठेवली. जे पाहिले व जे वाचले, ते भगिनींपुढे ठेवते.

सटाण्यापासून समुद्र दूर. आपल्याला आरम ठाऊक, मोसम ठाऊक. भरती-ओहोटी आपल्या पंचांगाबाहेरची. तेव्हा वसईचा आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यातच वाजतो आहे. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधले. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्यांचाच. त्या देवळाच्या कोटावर टांगलेली मोठी घंटा आपण सर्वांनी पाहिली आहे. ती वसईच्या विजयाची खूण म्हणून आली असे परंपरेने सांगतात, आणि तिच्यावर १७२१ हे इसवी साल आहे म्हणतात. भीमाशंकराच्या देवळापुढची मोठी घंटाही वसईच्या मोहिमेतलीच मानतात. चर्चमधील प्रार्थनेला बोलावणाऱ्या घंटा आपल्या देवांच्या दारी कशा आल्या, हे समजून घ्यायचे तर वसईचा कोट पाहावा लागतो.

वसई आता पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पूर्वी ती ठाणे जिल्ह्यात होती. वसई रोड स्टेशनावरून किल्लाबंदराकडे जावे आणि पुढे गाडी विसरावी. कोट पायीच पाहण्याजोगा. रस्ता कोटातून थेट धक्क्यापर्यंत जातो, त्यामुळे वाहनातून गेलेली माणसे दहा मिनिटांत पलीकडे पोचतात आणि झाडीशिवाय काही दिसले नाही म्हणतात. उजवीकडे-डावीकडे पायवाटा फुटतात, खरे शहर त्या वाटांवर आहे.

शहर म्हणते ते जाणूनबुजून. आपल्या डोळ्यांपुढे किल्ला म्हणजे साल्हेर-मुल्हेर, उंच डोंगर आणि वर पाण्याची टाकी. वसईचा कोट सपाटीवर आहे, तीन बाजूंनी समुद्र, खाडी व दलदल, आणि आत रस्ते, चौक, वाडे, रुग्णालय, चर्च असे नांदते गाव. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तिला आपल्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी केले व जवळजवळ दोनशे पाच वर्षे तेथे राज्य केले. येथील घडीव दगड गोव्याच्या चर्चसाठीही गेला. श्रीमंतांच्या वाड्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ तकटांच्या खिडक्या असत. त्यांतून ऊन गाळून आत येई. आज त्या वाड्यांची जोती व उभ्या भिंती शिल्लक आहेत. भिंतींना वड-पिंपळाच्या मुळांनी असा विळखा घातला आहे की भिंतीने झाड धरले आहे की झाडाने भिंत, ते कळत नाही.

कोटाला मुख्य दरवाजे दोन. जमिनीकडचा दरवाजा वळण घेऊन आत येतो, म्हणजे शत्रूला सरळ धावत येता येऊ नये. दुसरा दर्या दरवाजा, धक्क्याकडचा. त्यातून बाहेर पडले की कोळीवाडा लागतो, होड्या लागतात आणि बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. आपण वड्या-कुरडयांना राखण बसतो, तशा तेथे बाया माशांना राखण बसतात. उन्हाची किंमत दोन्हीकडे सारखीच.

दर्या दरवाज्याजवळ संत जोसेफचे जुने चर्च आहे. छप्पर गेले, मनोरा उभा आहे. आणखी आत जेझुइट लोकांचे चर्च. त्याची दर्शनी भिंत खांबांसह अजून ताठ आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा उत्सव तेथे होतो. ते वसईतच जन्मले, आई इथली व वडील पोर्तुगीज. १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले व १८६२ साली रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेले ते पहिले ख्रिस्ती संत. फ्रान्सिस्कन पंथाचे चर्चही जवळच आहे. त्याच्या फरशीत थडग्यांचे दगड बसविलेले आहेत. चालताना पाय आपोआप जपून पडतो.

या दगडांविषयी विशेष सांगावयाचे आहे. जेरसन द कुन्हा या विद्वानांनी चौल व वसई यांवर १८७६ साली पुस्तक लिहिले व वसईतील शिलालेख वाचून ठेवले. त्यांत दोन विधवा स्त्रियांचे लेख आहेत. इझाबेल द आगियार ही १५९१ साली वारली, फिलिपा द फोन्सेका १६२८ साली. एकीने तेथल्या विद्यालयाला मोठे साह्य केले होते, दुसरीने हयातीतच आपले सर्व काही चर्चला दिले होते. एवढ्या मोठ्या शहरात किती कप्तान व सरदार होऊन गेले असतील! परंतु आपल्यासारख्या बाईच्या मनात घर करतात ती ही दोन नावे. नवरा गेल्यावर परक्या मुलखात राहिलेल्या बायका. पदरचे दिले म्हणून दगडावर नाव राहिले.

हे वाचले तेव्हा मला आपल्या नाशिकची पांडवलेणी आठवली. तेथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या व नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे त्यात कोरले आहे. हे शूर्पारक म्हणजेच वसईशेजारचे सोपारे. तेथे भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बौद्ध स्तूप खणून काढला. अशोकाच्या आज्ञेचा दगडही सोपाऱ्याला सापडला. म्हणजे नाशिक आणि हा किनारा यांची ये-जा जवळपास दोन हजार वर्षांची आहे. त्याच लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिल्याचा लेख आहे. इकडे दक्षमित्रा, तिकडे इझाबेल आणि फिलिपा. धर्म वेगळे, काळ वेगळे, दानाची रीत एकच.

आता घंटेकडे वळते. पोर्तुगीजांच्या अमलात धर्माच्या बाबतीत रयतेवर जुलूम झाला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या माणसांनी पेशव्यांकडे दाद मागितली. बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांनी १७३७ साली मोहीम काढली आणि १७३९ च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. पाणी आणि दलदल यांमुळे हल्ला जमिनीच्या अरुंद बाजूनेच करणे भाग होते. बुरुजाखाली सुरुंग लावावयाचे, खिंडार पडले की आत घुसावयाचे, वरून तोफा, बंदुका व दारूगोळे. काही सुरुंग उशिरा उडाले आणि त्यात आपलीच माणसे गेली. हजारो माणूस पडले. शेवटी मे महिन्यात पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखविले. चिमाजी आप्पांनी त्यांना बायकामुलांसह व चीजवस्तूंसह निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत दिली, आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. माझ्या मते विजयाइतकीच ही गोष्ट मोठी. घंटा आणल्या, माणसे सोडली.

कोटात आज चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, वज्रेश्वरीचे व नागेश्वराचे देऊळ आहे. पुतळ्यापुढे उभे राहिले म्हणजे छाती भरून येते. पण त्या विजयानंतर दीड वर्षातच, १७४० च्या डिसेंबरात, चिमाजी आप्पा वारले आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. विजयाचे पोवाडे होतात; अन्नपूर्णाबाईंचे आपल्याला माहीत असते ते एवढेच. वेढ्यात पडलेल्या हजारोंच्या घरी खबर पोचली असेल, त्या बायकांची तर नावेही नाहीत. नारोशंकराची घंटा ऐकताना त्यांचीही आठवण व्हावी, असे मला वाटते.

ज्या ठिकाणी एवढा पराक्रम झाला, तेथेच ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला व स्वातंत्र्य गहाण टाकले. मिळविण्यात हजारोंचे प्राण गेले, घालविण्यास एक सही पुरली. अवघी त्रेसष्ट वर्षे मधे गेली. घर चालविणाऱ्या बाईला यातला धडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

काही भगिनी म्हणतात, परक्यांच्या पडक्या चर्चमध्ये आपण काय पाहायचे? त्यांना माझे सांगणे असे, की वसईत परके कोणी नाही. कोटाबाहेरच्या केळीच्या व पानमळ्यांच्या वाड्यांतील ख्रिस्ती बाया मराठीच बोलतात. म्हाताऱ्या अजून लाल लुगडे नेसलेल्या दिसतात. सामवेदी लोकांची कादोडी बोली ऐकली तर आपल्या अहिराणीसारखीच घरगुती, मायेची वाटते. त्यांच्या घरी मी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, खाल्ली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पोर्तुगीज गेले, माणसे इथलीच होती, ती इथेच राहिली.

दुःख एका गोष्टीचे होते. कोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तरी भिंतींवर खडूने, खिळ्याने नावे कोरलेली दिसतात. चारशे वर्षांपूर्वीच्या बाईने सर्वस्व देऊन दगडावर नाव मिळविले. आजचा पोरगा खिळा घेऊन ते फुकट मिळवू पाहतो. या पोरांना घडविणाऱ्या आयाच आहेत, म्हणून हे स्मरणिकेत लिहिते.

आणि हे बोट आपल्याकडेही वळते. देवळाण्याचे जोगेश्वराचे कोरीव देऊळ आपल्या तालुक्यात आहे. मुल्हेरला सोमेश्वर आहे, उद्धव महाराजांची समाधी आहे, कोजागिरीची रासक्रीडा आहे. साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरविले. आपल्यापैकी किती जणींनी हे पायी फिरून पाहिले? गावोगावच्या पारांवर शेंदूर फासलेले वीरगळ व सतीचे दगड पडले आहेत. कोणाचे ते आजीला थोडेफार माहीत असते, सुनेला नसते, नातीला तर दगडच दिसत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या वाणातून थोडे पैसे वाचवून वर्षातून एक पायी सहल काढावी. पहिल्या वर्षी देवळाणे व मुल्हेर, दुसऱ्या वर्षी वसई. वसईला दिवाळीनंतर जावे, सकाळी लवकर निघावे, पायांत चांगल्या चपला, सोबत पाणी व दशम्या असाव्यात. तीन-चार तासांत कोट नीट पाहून होतो. आणि प्रत्येक सहलीत एकीने वही घेऊन तिथल्या म्हाताऱ्या बायकांचे सांगणे लिहून घ्यावे. सातवी शिकलेलीलाही ते जमते. पहिली वही मी घेईन.