फोर्ड, रॉब : व्यसनोपचारानंतरचे पुनरागमन (टोरांटो, २०१४)

कॅनडातील टोरांटो शहराचे ६४ वे महापौर रॉबर्ट ब्रूस फोर्ड (२८ मे १९६९–२२ मार्च २०१६) दारू व अमली पदार्थांच्या व्यसनावर दोन महिने उपचार घेऊन ३० जून २०१४ रोजी कामावर रुजू झाले. त्यांच्या या परतण्याकडे शहरातील मोठ्या वर्गाने ज्या अविश्वासाने पाहिले, त्याविषयीची ही नोंद. माणूस व्यसनातून उठू शकतो, हे टोरांटोतील बहुतेकांना मान्यच होते. त्यांचा हिशेब कबुलीचा होता : ती कधी आली, आणि आपणहून आली की पुरावा समोर आल्यावर.

या अविश्वासाची मुळे शहराच्या घडणीतही आहेत. १९९८ साली जुने टोरांटो, एटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क या सहा पालिका प्रांत सरकारने एकत्र केल्या. नकाशावर एक शहर झाले, मने दोनच राहिली. मध्यवस्तीत ट्राम, सायकली आणि ग्रंथालये; उपनगरांत मोटारी, लांब अंतरे आणि आपल्याला कोणी विचारत नाही ही जुनी कुरकुर. लेबले छापण्याचा कौटुंबिक कारखाना असलेले, एटोबिकोत वाढलेले फोर्ड २००० पासून दहा वर्षे नगरसेवक होते. उखडलेला पदपथ असो की गळका नळ, नागरिकाने निरोप ठेवला की ते स्वतः उलट फोन करीत; अनेकदा थेट दारात जाऊन उभे राहत. ‘महापौरांचा मला फोन आला होता’ असे सांगणारी माणसे उपनगरांत हजारोंनी सापडत. करदात्याच्या पैशांवरची चंगळ बंद करू, या एका घोषणेवर २५ ऑक्टोबर २०१० ची निवडणूक त्यांनी सुमारे ४७ टक्के मतांनी जिंकली. आल्याआल्या ६० डॉलरचा वाहन नोंदणी कर रद्द केला, शहराच्या पश्चिमेकडील भागातील कचरा उचलण्याचे काम खासगी कंत्राटदाराकडे दिले. त्यांच्या पाठीराख्यांना ‘फोर्ड नेशन’ हे नाव पडले. हा मतदार फोर्डना सात्त्विक समजून त्यांच्यामागे गेलेला नव्हता. फोर्ड आपला फोन उचलतात म्हणून गेलेला होता. पुढचे सारे समजून घेताना हा मुद्दा विसरता येत नाही.

१६ मे २०१३ च्या रात्री अमेरिकेतील ‘गॉकर’ या संकेतस्थळाने आणि त्यापाठोपाठ ‘टोरांटो स्टार’ने वृत्त दिले, की महापौर क्रॅक कोकेन ओढताना दिसतात अशी मोबाइलवरची चित्रफीत विक्रीला काढण्यात आली असून आमच्या वार्ताहरांनी ती पाहिली आहे. आठवडाभराने फोर्ड यांनी जाहीर निवेदन केले : मी क्रॅक कोकेन घेत नाही. इंग्रजीत हे वाक्य वर्तमानकाळात होते, आणि क्रियापदाचा काळ त्याच वेळी हेरणारे लोकही होते. ३१ ऑक्टोबरला पोलीसप्रमुख बिल ब्लेअर यांनी सांगितले, की पुसून टाकलेली ती फीत संगणकाच्या हार्ड डिस्कमधून परत मिळवली आहे. ५ नोव्हेंबरला, आपल्या कार्यालयाबाहेरच्या गर्दीत, फोर्ड यांनी कबूल केले : हो, क्रॅक ओढले आहे, साधारण वर्षापूर्वी, बहुधा दारूच्या नशेत. पुढे त्यांचा युक्तिवाद असा, की मी खोटे बोललो नाही, तुम्ही प्रश्न नीट विचारला नव्हता. या एका वाक्याने त्यांच्या नंतरच्या प्रत्येक कबुलीची किंमत उतरवली. एक चमत्कारिक आकडा येथे नोंदवायला हवा : फीत हाती आल्याचे पोलिसांनी जाहीर केल्यानंतर लगेच झालेल्या ‘फोरम रिसर्च’च्या चाचणीत फोर्ड यांच्या कामाला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेले.

महापौराला हटवण्याची सोय कायद्यात जवळजवळ नव्हती. मतदारांनी माघारी बोलावण्याची तरतूद नव्हती, आणि केवळ अशा कबुलीने खुर्ची जात नव्हती. तेव्हा ४४ नगरसेवकांपैकी बहुतेकांनी, ज्यांच्यात फोर्ड यांचे जुने सहकारीही होते, त्यांच्या हातचे अधिकारच काढून घेतले. १५ आणि १८ नोव्हेंबर २०१३ च्या ठरावांनी त्यांचे आणीबाणीतील अधिकार गेले, समित्यांवरील नेमणुका गेल्या, कार्यालयाचा बराचसा निधी व कर्मचारी उपमहापौर नॉर्म केली यांच्याकडे गेले. पद, पगार आणि सभागृहातले एक मत तेवढे उरले. १८ तारखेच्या सभेत फोर्ड सभागृहातून धावत सुटले आणि वाटेत नगरसेविका पॅम मॅकॉनेल यांना त्यांनी खाली पाडले. ते दृश्य जगभर दाखवले गेले. त्याच दिवशी प्रसारित झालेल्या सीबीसीच्या मुलाखतीत पीटर मॅन्सब्रिज यांना त्यांनी सांगितले, की आता डोळे उघडले, दारू सुटली. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, एटोबिकोतील ‘स्टेक क्वीन’ या खाणावळीत ते नशेत जमैकन ढंगाची इंग्रजी बडबड करीत असल्याची फीत बाहेर आली. म्हणजे जूनमध्ये लोकांनी ऐकली ती ‘मी बदललो’ची दुसरी आवृत्ती होती. पहिली दोन महिनेच टिकली होती.

दुसऱ्या आवृत्तीचा मुहूर्तही अडचणीचा ठरला. ३० एप्रिल २०१४ रोजी ‘ग्लोब अँड मेल’ने बहिणीच्या घराच्या तळघरात फोर्ड काही ओढत असल्याच्या नव्या फितीचे वृत्त दिले, तिच्यातील स्थिरचित्रे पत्राने १०,००० डॉलरना विकत घेतली होती. ‘टोरांटो सन’ने एका बारमधील ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, त्यात महापौरपदाच्या प्रतिस्पर्धी नगरसेविका कॅरेन स्टिंट्झ यांच्याविषयी अश्लील शेरे होते. त्याच रात्री फोर्ड रजेवर गेले. व्यसनोपचाराची गरज त्यांना कित्येक महिने मित्र, विरोधक, संपादक सांगत होते. गाडी हलली ती बातमी छापखान्यात गेल्यावर. दुसऱ्या दिवशी विमानाने ते शिकागोला गेले, तेथून अमेरिकेत प्रवेश न करताच परतले आणि टोरांटोच्या उत्तरेला मस्कोका भागातील बाला येथे ‘ग्रीनस्टोन’ या खासगी केंद्रात दाखल झाले. मस्कोका म्हणजे तळ्यांचा, धनिकांच्या सुटीतल्या बंगल्यांचा मुलूख. तेथे गावातल्या दुकानांत चाहत्यांसोबत हसून काढलेली त्यांची छायाचित्रे फिरू लागली. त्यातच केंद्रात उपचार घेणारी एक महिला फोर्ड यांची मोटार चालवताना पकडली गेली आणि नशेत वाहन चालवल्याचा आरोप तिच्यावर ठेवला गेला. यात फोर्ड यांच्यावर कोणताही आरोप नव्हता, पण उपचार कसले चालले आहेत, हा प्रश्न विचारायला लोकांना आयते निमित्त मिळाले.

३० जून, सोमवार, दुपार. नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावरील महापौर कार्यालयात निवडक वार्ताहरांनाच बोलावले होते. उरलेल्यांनी दाराबाहेर, हातातल्या फोनच्या पडद्यावर तेच भाषण पाहिले. प्रश्न घेतले जाणार नाहीत, हे आधीच सांगितलेले. फोर्ड कागदावरून वाचत होते, आवाज मधूनच भरून येत होता. लाज वाटते, दोष माझा एकट्याचा, असे ते म्हणाले. स्टिंट्झ यांचे नाव घेऊन माफी मागितली, नगरसेवकांची व शहराची मागितली, केंद्रातल्या लोकांचे आभार मानले. व्यसन हा आजार आहे आणि ही लढाई जन्मभराची आहे, असेही सांगितले. एवढे झाल्यावर भाषण वळले ते वाचवलेल्या पैशांकडे, कमी केलेल्या खर्चाकडे आणि ऑक्टोबरमधल्या निवडणुकीकडे. राजीनाम्याविषयी एक आरोळीही आली, आणि ती वार्ताहराची नसून एका नगरसेवकाची होती.

उणिवा ज्यांना दिसल्या, त्यांनी त्या भाषणातल्या शब्दांपेक्षा गाळलेल्या शब्दांत शोधल्या. वर्षभर नाकारत राहिल्याबद्दल, म्हणजे खोटेपणाबद्दल, सरळ उल्लेख नव्हता. पोलीस तपासात नाव आलेल्या मंडळींशी असलेल्या ऊठबशीविषयी काही नव्हते. (या तपासात फोर्ड यांच्यावर कधीही गुन्हा दाखल झाला नाही.) वंश व समलिंगी व्यक्ती यांच्याविषयी ध्वनिमुद्रित झालेले शेरे दारूच्या खात्यावर टाकता येतात का, हा तिसरा प्रश्न. योगायोग असा, की टोरांटोत भरलेला ‘वर्ल्ड प्राइड’ महोत्सव २९ जूनला संपला आणि फोर्ड ३० ला आले. पुढे जुलैच्या सभेत सभागृहाने आयोजकांना उभे राहून मानवंदना दिली तेव्हा फोर्ड बसून राहिले. त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते. टीकाकारांचा मुद्दा यापेक्षा स्वच्छपणे कोणी मांडला नसता.

मराठी वाचकाला येथे एका शब्दाची अडचण जाणवेल. आपण ‘व्यसनमुक्ती’ म्हणतो, आणि मुक्ती एकदाच मिळते, मिळाली की मिळाली. या क्षेत्रात काम करणारे मात्र आजचा दिवस सुटला, उद्याचे उद्या, असेच बोलतात. पाय पुन्हा घसरणे ते आजाराचाच भाग धरतात. फोर्ड यांचे ‘जन्मभराची लढाई’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होते. राजकारणात त्याच वाक्याचा अर्थ ‘पुन्हा घडले तर समजून घ्या’ असा लागतो. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असणे हीच या प्रकरणातली खोच आहे.

दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, ईस्ट यॉर्कच्या कॅनडा दिन मिरवणुकीत फोर्ड चालत होते. लोक हात मिळवत होते, छायाचित्रे काढत होते, कोणी शिट्ट्याही मारत होते. उघड्या अंगाने पळायला निघालेला एक शिक्षक रस्त्यात थांबला आणि ओरडून विचारू लागला, की वार्ताहरांच्या प्रश्नांना उत्तरे कधी देणार. तो आजाराबद्दल बोलत नव्हता. खोटेपणा, गुन्हेगारांशी संबंध, वंशद्वेषी बोलणे, हीच त्याची यादी होती. घामाने निथळणारा, संतापाने लाल झालेला तो माणूस रातोरात शहराच्या त्राग्याचा चेहरा झाला, आणि पुढच्या काही दिवसांत फोर्ड यांच्या कार्यक्रमांपुढे निदर्शक सदरे काढून उभे राहू लागले. नंतर फोर्ड यांनी काही वाहिन्यांना मुलाखती दिल्या आणि हेरॉइन सोडल्यास बहुतेक सर्व पदार्थ घेतल्याचे मान्य केले. कबुली मोठी होती. पण तोवर ऐकणाऱ्यांची दोन टोके ठरून गेली होती. फोर्ड नेशनने त्यांना आधीच माफ केले होते, उरलेल्यांना माफीनाम्यात रस नव्हता. उपचारांनी मते बदललेला टोरांटोकर शोधावा लागला असता.

तुलनेसाठी इतर उदाहरणे पाहता येतात. वॉशिंग्टनचे महापौर मॅरियन बॅरी जानेवारी १९९० मध्ये एका हॉटेलात क्रॅक ओढताना एफबीआयच्या सापळ्यात अडकले, उपचार व सहा महिन्यांची कैद भोगून १९९२ मध्ये नगरसेवक आणि १९९४ मध्ये पुन्हा महापौर झाले. शहराच्या गरीब, कृष्णवर्णीय प्रभागांनी त्यांना आपला माणूस म्हणून धरून ठेवले. अल्बर्टा प्रांताचे मुख्यमंत्री राल्फ क्लाइन डिसेंबर २००१ मध्ये मद्याच्या अमलाखाली बेघरांच्या निवाऱ्यात जाऊन तेथल्या लोकांशी भांडले, लगेच दारूची समस्या मान्य केली आणि २००४ ची निवडणूक जिंकले. न्यूफाउंडलंडचे खासदार शेमस ओरीगन यांनी निवडून आल्यावर दोनच महिन्यांत, डिसेंबर २०१५ मध्ये, दारूसाठी उपचार घेत असल्याचे स्वतःहून सांगितले. कोणाकडे त्यांची फीत नव्हती. २०१७ मध्ये ते केंद्र सरकारात मंत्री झाले आणि त्यावर कोणी भुवई उंचावल्याचे दिसले नाही.

फोर्ड यांच्या पुनरागमनाची परीक्षा मतपेटीत पूर्ण झालीच नाही. सप्टेंबरमध्ये पोटात गाठ आढळल्यावर १२ तारखेला त्यांनी महापौरपदाची उमेदवारी मागे घेतली. त्यांच्या जागी भाऊ डग उभे राहिले. काही दिवसांत दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगाचे निदान झाले. २७ ऑक्टोबर २०१४ रोजी जॉन टोरी सुमारे ४० टक्के मतांनी महापौर झाले, डग यांना जवळपास ३४ टक्के मिळाली, ऑलिव्हिया चाउ तिसऱ्या राहिल्या. रॉब फोर्ड त्याच दिवशी प्रभाग क्रमांक २ मधून नगरसेवक म्हणून निम्म्याहून अधिक मते घेऊन निवडून आले. २२ मार्च २०१६ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, ते वारले. पार्थिव दोन दिवस नगरभवनात ठेवले होते. दर्शनाच्या रांगेत आलेल्या अनेकांची गोष्ट एकच होती : आमच्या तक्रारीवर त्यांनी स्वतः फोन केला होता.