किरणांनंतरचीं वर्षें

वैद्यकाचे इतिहासकार शोधाची तारीख कटाक्षानें देतात. रोगी इस्पितळांतून घरीं गेल्यावर त्याचें पुढें काय झालें, हें मात्र बहुधा सांगत नाहींत. मेंदूंतील अर्बुदांवर होणाऱ्या किरणोपचारांच्या बाबतींत या मौनाची किंमत रोग्यांना द्यावी लागली; म्हणून त्या नंतरच्या वर्षांचीच हकीकत येथें द्यावयाची आहे.

रंटगेन यांनीं १८९५ सालीं वुर्ट्सबुर्ग येथें क्ष-किरण शोधून काढले व लवकरच ते रोगनिवारणासाठीं वापरले जाऊं लागले. त्यांनीं कातडी भाजते हें तेव्हांच ध्यानांत आलें. तें डोळ्यांस दिसतें. मेंदूविषयीं मात्र वैद्य निर्धास्त होते. १९०६ सालीं बेर्गोनिए व त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनीं असा नियम मांडला कीं, ज्या पेशी झपाट्यानें विभागतात त्यांस किरणांचा मार अधिक लागतो. प्रौढ मनुष्याच्या मज्जापेशी बहुधा विभागतच नाहींत. तेव्हां त्यांना भय नाहीं, असें अनुमान निघालें. अनुमान तर्कशुद्ध होतें. पण मेंदूंत रक्तवाहिन्याही असतात व किरणांची इजा त्यांत वर्षानुवर्षें मुरत राहते, हें त्यांत धरलेलें नव्हतें. १९३० सालीं फिशर व होल्फेल्डर या जर्मन वैद्यांनीं एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. डोक्याच्या कातडीवरील कर्करोगासाठीं त्यास किरण दिले होते; पुढें कवटीखालचा मेंदूचा भाग मृत झालेला आढळला.

अशा मृत भागाचीं लक्षणें, म्हणजे डोकेदुखी, एका अंगाची दुर्बलता, झटके, हीं अर्बुद पुन्हां वाढल्यासारखींच असतात. आजच्या चुंबकीय चित्रांतही दोहोंतला भेद सहज कळत नाहीं. किरण केव्हां, कोठें व किती दिले याचा कागद ज्या रोग्यापाशीं नाहीं, त्याचा वैद्य अशा वेळीं अंधारांत चांचपडतो.

रोग्याचा पुढला काळ लिहून ठेवण्याची शिस्त त्याच सुमारास एका शस्त्रवैद्यानें घालून दिली होती. बोस्टनचे हार्वे कुशिंग यांनीं १९३१ सालीं, तपासणीनें निश्चित झालेल्या आपल्या दोन हजाराव्या मेंदूच्या अर्बुदावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेच्या दिवशीं दरवर्षीं पत्र लिहून आपली प्रकृति कळवीत जावी, असें ते आपल्या रोग्यांस सांगत. या सर्व नोंदी लुईझ आयझेनहार्ट या विदुषीनें सांभाळल्या. मृताची तिथि आपण पिढ्यान् पिढ्या पाळतों. जगलेल्याची तिथि पाळणारा वैद्य मात्र विरळा.

कुशिंग यांचा भर शस्त्रावर होता. किरणोपचारांची तशी दीर्घ नोंद होण्यास पुष्कळ काळ जावा लागला, आणि त्याचें एक कारण दारुण आहे: उग्र अर्बुदांचे रोगी तितके जगतच नसत. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत किरणांवांचून मध्यम आयुर्मान १४ आठवडे भरलें, किरणांनीं तें सुमारें ३६ आठवडे झालें. लाभ निर्विवाद होता. पण जेथें वर्ष पुरें होत नाहीं तेथें बाराव्या वर्षाची चिंता कोण करणार?

मंदगति अर्बुदांची गोष्ट निराळी. त्यांचे रोगी पुष्कळ वर्षें जगतात. ॲम्स्टरडॅमचे मार्टिन क्लाइन व त्यांचे सहकारी यांनीं अशा १९५ रोग्यांची स्मृति व बुद्धि सरासरी सहा वर्षांनीं तपासली. २००२ सालचा त्यांचा निष्कर्ष बराच दिलासा देणारा होता. दोष मुख्यतः अर्बुदाचा व झटक्यांवरील औषधांचा दिसला. एका वेळची किरणमात्रा दोन ग्रेहून अधिक असेल तरच किरणांकडे बोट दाखवितां येत होतें. त्यांतल्याच ६५ जणांना सरासरी बाराव्या वर्षीं पुन्हां तपासलें, तेव्हां किरण न घेतलेले स्थिर होते. किरण घेतलेल्यांचें अवधान खालावलें होतें, आणि ज्यांच्या मात्रा लहान होत्या तेही त्यांतून सुटले नव्हते. हा अहवाल २००९ चा. सहाव्या वर्षीं तपासणी थांबविली असती, तर पहिला निष्कर्षच शास्त्र म्हणून रूढ झाला असता!

घरच्या माणसांना हा फरक बहुधा वैद्याच्या आधीं जाणवतो. बाजारांत गेलेला मनुष्य निम्मे जिन्नस विसरतो, हिशेब चुकतो, दुपारीं उठवत नाहीं. घरांत त्यास आळस म्हणतात. कित्येकदां तो आळस नसून पीयूषिका ग्रंथीचे स्राव मंदावलेले असतात. ती ग्रंथि मेंदूच्या तळाशीं, पुष्कळदां किरणांच्या वाटेंतच असते, आणि तिचा ऱ्हास वर्षांनंतरही प्रकट होतो. कॉर्टिसॉल कमी पडलें तर साधा तापही जिवावर बेततो. उलट रक्त वेळोवेळीं तपासलें तर ही उणीव गोळ्यांनीं भरून काढतां येते. यासारखें दुर्दैव तें कोणतें, कीं उपाय हातीं असतां कोणी विचारीतच नाहीं!

मुंबईंत १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या वैद्यांनीं २००१ ते २०१२ या काळांत ३ ते २५ वर्षें वयाचे २०० रोगी घेऊन एक तुलना केली. गाठीच्या आकारास अचूक बेतलेले किरण एका गटास, जुन्या रीतीचे दुसऱ्यास. आणि पाहिलें काय, तर पांच वर्षांनंतरची बुद्धि व स्राव. अचूक किरण सरस ठरले. त्या मुलांपैकीं जे हयात आहेत ते आतां मोठे झाले आहेत. त्यांचीं बारा वर्षें केव्हांच भरलीं.