पत्ता बदलतो, आठवण बदलत नाही

मंडळी, सुरुवात आपल्या नगरपासूनच करू. १६०० साली मुघलांनी इथला भुईकोट किल्ला घेतला. निजामशाही मात्र संपली नाही. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं, कारभार परांडा, जुन्नर, दौलताबाद असा फिरत राहिला आणि राज्य १६३६ पर्यंत टिकलं. आता समजा, १६०१ साली एखादा माणूस जुन्या सवयीने अर्ज घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला. दार तेच, पण आत मुघलांचं ठाणं! निजामशाही खोटी नव्हती. त्याच्या डोक्यातला पत्ता जुना होता.

संगणकांच्या जाळ्यातही हाच पेच आहे. सुरुवातीला यंत्रांची नावं आणि पत्ते यांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत ठेवत, बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. जाळं वाढलं तशी नक्कल शिळी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडली. पत्ता विचारा, लक्षात ठेवा. पण किती सेकंद ठेवायचा, ते उत्तरातच लिहिलेलं. आठवणीला मुदत घातली, हे त्यातलं मोठं शहाणपण.

पुढे १९९० च्या दशकात 'रेडियस' आली. कॉलेजच्या वायफायला आपण पासवर्ड देतो, तेव्हा मागे बहुधा तीच तपासणी करते. समोरच्याशी कोणता गुप्त शब्द वापरायचा, हे ती त्याच्या पत्त्यावरून ठरवते. म्हणून पत्त्याला इथे फार वजन. पण अशी काही सॉफ्टवेअरं सुरू होताना पत्ता एकदाच शोधतात आणि बंद होईपर्यंत तोच धरून बसतात. मुदत संपली तरी पुन्हा विचारत नाहीत. सर्व्हर हलला की नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी पोरं दाराबाहेर! सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत; त्यामुळे दोष कुठे होता, ते कळतच नाही.

मग दर वेळी विचारावं का? तर डीएनएस बंद पडली की लॉगिनही बंद.

न्यायदर्शनात यथार्थ अनुभवाला प्रमा म्हणतात. स्मृती त्यात धरत नाहीत. ती खोटीच असते असं नव्हे, ती फक्त आधीच्या अनुभवाच्या उधारीवर चालते. उधारी कामाची असते, पण तिला मुदत हवी. डीएनएससाठी २०२० मध्ये प्रमाण म्हणून नोंदलेला उपाय असाच आहे: मुदत संपली की विचारा, उत्तर आलं नाही, तर काही काळ जुन्यावर भागवा, पण विचारणं सोडू नका.