एका माशीची चार नावं

फळमाशी म्हटलं की आपल्याला पेरूतली अळी आठवते. अळी दिसली की आपण पेरू फेकून देतो, माशीपर्यंत कोणी जात नाही. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं, कीटकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण या माशीच्या नावावरून शंभरेक वर्षं जो घोळ चालला, त्याचा मला मोह पडला.

सुरुवात बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेत होते. तिथे फ्रँक हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्यानं डास जवळ येऊ नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावलं. डास राहिले बाजूला, त्या रुमालावर माश्याच गोळा झाल्या. हॉवलेटनी निरखून पाहिलं, तर त्या फळमाश्या निघाल्या आणि सगळे नर! १९१२ साली त्यांनी हे छापलं. पुढे १९१५ मध्ये नरांना ओढणारं द्रव्य म्हणून मिथिल युजेनॉलचं नाव त्यांनी दिलं. आपल्या अंगणातल्या तुळशीतही ते असतं. आंब्याच्या बागांत टांगतात तो दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच वासावर चालतो.

वास एक, पण त्यावर येणाऱ्या जाती अनेक. आमच्या वणीत, सप्तशृंगगडाच्या पायथ्याला, ओळखीच्या एका तरुण शेतकऱ्यानं पेरूच्या बागेतल्या सापळ्याचे फोटो मोबाइलवर दाखवले. “चाचा, या सगळ्या एकच ना?” पहिल्या नजरेला एकच. पण पंख पाहा. डॉर्सालिस जातीच्या पंखाच्या पुढच्या कडेनं बारीक तपकिरी पट्टी टोकापर्यंत सलग जाते. करेक्टा जातीत ती मध्येच तुटते, टोकाला नुसता ठिपका उरतो. झोनाटालाही ठिपकाच, पण तिची पाठ काळी नसून लालसर तपकिरी. आता गंमत अशी, की करेक्टाची चेहऱ्यावरची आडवी काळी रेघ वरून काढलेल्या फोटोत दिसतच नाही. कोषातून नुकती निघालेली माशी फिकट असते, तिचा रंग भरायला वेळ लागतो. म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नये. वरून, बाजूनं, समोरून आणि पंख पसरून असे चार फोटो हवेत, आणि माशी स्पिरिटच्या बाटलीत जपून ठेवलेली बरी.

यात नुसती हौस नाही. कारली-काकडीवरची माशी वेगळी. तिच्या पाठीवर मधोमध आणखी एक पिवळी रेघ असते आणि ती मिथिल युजेनॉलला भुलत नाही, तिला क्यू-ल्यूर लागतं. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवात टांगणाऱ्याचे पैसे वाया जातात.

शास्त्रज्ञांची फसगत मात्र याहून मोठी. डॉर्सालिस हे नाव हेंडेल यांनी १९१२ मध्येच, तैवानातल्या माश्यांवरून दिलं. १९९४ मध्ये ड्र्यू आणि हॅनकॉक यांनी या गोतावळ्यातून डझनावारी नव्या जाती वेगळ्या काढल्या. पपायी आणि फिलिपिनेन्सिस त्यांतल्याच. भेद कशावर? पट्ट्यांची रुंदी, अंडी घालायच्या सुईची लांबी असल्या गोष्टींवर. २००३ मध्ये केनियात अशीच माशी सापडली. पाठीचा रंग कधी काळा, कधी तांबूस. २००५ मध्ये तिला इन्व्हेडन्स, म्हणजे आक्रमक, हे नाव मिळालं. नवी कीड म्हटल्यावर आफ्रिकेच्या आंब्याला परदेशी बाजारांची दारं बंद होऊ लागली. मग अनेक देशांतल्या संशोधकांनी या माश्यांचे आपसात संकर करून पाहिले, जनुकं तपासली, पंखांची मापं घेतली. २०१५ मध्ये निवाडा आला : पपायी, फिलिपिनेन्सिस, इन्व्हेडन्स या सगळ्या डॉर्सालिसच. कॅरांबोली तेवढी खरोखर निराळी. ज्या रंगावर कोणीही फोटो पाहून बोट ठेवलं असतं, तोच रंग साक्षीला खोटा निघाला.

आपल्यालाही याची झळ बसली. युरोपीय संघानं १ मे २०१४ पासून आपला आंबा रोखला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आदल्या वर्षी २०७ खेपांत कीड सापडली होती, त्यात फळमाश्याच फार. हापूस खाणाऱ्यांपेक्षा तो पिकवणाऱ्यांचे जीव त्या उन्हाळ्यात जास्त टांगणीला लागले. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं.

बंदरावर तपासणाऱ्याच्या हाती बहुधा अळीच येते. तिला ना पंख, ना पट्टी. फोटो कितीही स्वच्छ असो, अळीवरून यांतली जात सांगणं जवळपास अशक्य. आमच्या जिल्ह्यातल्या लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात यावर वेगळी वाट आहे. २००७ मध्ये तिथे विकिरण केलेला आंबा अमेरिकेला गेला. मात्रा ४०० ग्रे. तेवढ्या किरणांनी अळी लगेच मरतेच असं नाही, पण तिची पुढची पिढी होत नाही. मग ती डॉर्सालिस असो, करेक्टा असो की झोनाटा.