निषिद्ध, सोवळे आणि विटाळ : ‘टॅबू’ या शब्दाचा गोमंतकीय अर्थ

‘टॅबू’ हा शब्द इंग्रजी कोशात असला तरी मूळचा इंग्रजी नव्हे. १७७७ साली कॅप्टन कुक याने तो प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवर ऐकला व आपल्या प्रवासवृत्तात नोंदविला. मराठीत आपण त्याचा अर्थ सरसकट ‘निषिद्ध’ असा करतो. तो अपुरा आहे. ‘निषिद्ध’ म्हणजे कोणी तरी आज्ञेने मना केलेले. ‘टॅबू’त आज्ञेपेक्षा धाक अधिक असतो. सोवळ्याला शिवावयाचे नाही, ते शुद्ध म्हणून. विटाळाला शिवावयाचे नाही, तो अशुद्ध म्हणून. या दोन्ही भावना तो एकच शब्द सामावून घेतो. यरीहो नगरातील ज्या वस्तूंना हात लावून आखानाने अनर्थ ओढवून घेतला, त्याही देवासाठी वेगळ्या काढलेल्या होत्या.

हा भेद ध्यानी घेतल्यास गोव्याच्या इतिहासातील एक प्रकरण अधिक स्पष्ट होते. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती जनांना अंगणातील तुळस, हिंदू पद्धतीचे धोतर व चोळी, लग्नातील विडा-सुपारी आदी अनेक गोष्टी मना केल्या. भात मिठाशिवाय शिजविणे हादेखील अपराध ठरला. येथे आज्ञेच्या बळावर नवा ‘टॅबू’ निर्माण करण्याचा यत्न होता.

पेडणे व डिचोली हे महाल त्या काळी जुन्या काबिजादींबाहेर होते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पाडले गेल्यावर त्याची स्थापना नदीपलीकडे, डिचोलीतील नार्वे येथे झाली. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. पेडण्याच्या सीमेवर शापोरा नदी होती. एका तीरावरील ख्रिस्ती घरी जी तुळस अपराध ठरली, तीच दुसऱ्या तीरावर पूजेत होती. तुळस तीच होती. बदलले होते ते फर्मान. पुढे १७८० च्या दशकात हे महाल पोर्तुगीज राज्यात स्थिर झाले, तेव्हा तेथील रूढींना अभय द्यावे लागले. इन्क्विझिशन १८१२ साली संपुष्टात आले.

परंतु ज्या विटाळावर शुभवर्तमानाचा खरा प्रहार आहे, तो जातीचा विटाळ, त्याचे काय झाले? तो ख्रिस्तसभेत टिकून राहिला. कित्येक धर्मग्रामांतील कॉन्फ्रारिया जातीनुसार विभागलेल्या होत्या. तुळशीचे रोप उपटले गेले. मनातील भिंत उभीच राहिली.

यापो येथे पेत्राला दृष्टांत झाला, तो प्रथमदर्शनी खाण्याच्या पदार्थांविषयी होता. पण कर्नेल्याच्या घरी पाऊल टाकताच त्याला उमगले की, प्रश्न पदार्थांचा नसून माणसांचा आहे : कोणाही मनुष्याला अशुद्ध म्हणावयाचे नाही. करिंथकरांस लिहिताना पौलही मूर्तीस वाहिलेल्या अन्नाचा निर्णय दुर्बळ बंधूच्या विवेकबुद्धीकडे पाहूनच करतो.

म्हणून एखादे कुटुंब आपणास विचारील की, ही रीत ख्रिस्ती माणसाला चालते काय, तेव्हा ‘निषिद्ध’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण तीन प्रश्न करावेत. या रीतीत देवाविषयीचा आदर आहे काय? केवळ भय आहे काय? की शेजाऱ्याचा तिरस्कार आहे? पहिल्याला शुद्ध वळण द्यावे, दुसऱ्याला धीराने मोकळे करावे. ख्रिस्ताच्या मेजाभोवती वर्ज्य आहे ते तिसरे. आणि त्याचा शोध आपल्या अंगणापासूनच सुरू करावा.