मोडलेल्या हाडाचा नंबर

पावसात पाय घसरतो, माणूस हात टेकून पडतो आणि मनगट मोडतं. घरचे, शेजारचे, दवाखान्यात नेणारा रिक्षावाला, सगळे ‘मनगट मोडलं’ असंच म्हणतात. डिस्चार्ज कार्डावर मात्र निदानाशेजारी ‘एस ५२.५’ असा आयसीडीचा, म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, कोड लिहून येतो. त्याचा अर्थ, कोपराखालच्या हातातल्या रेडियस या हाडाचं खालचं टोक मोडलं. मनगटाचा रकाना वेगळा आहे, एस ६२. त्यात मनगटातली आठ बारकी हाडं, तळहात आणि बोटं येतात. लोक ज्याला मनगट म्हणतात ते कोडच्या लेखी मनगटच नव्हे. घोट्याचंही तसंच. घोटा आणि पाऊल यांना मिळून एस ९० ते ९९ एवढी जागा दिलेली आहे; पण घोट्याचं हाड मोडलं की ते पोटरीच्या एस ८२ मध्ये जातं, कारण घोट्याचे दोन्ही उंचवटे म्हणजे पोटरीतल्या दोन हाडांची टोकं.

ही मांडणी कुणा हाडाच्या डॉक्टरने प्लास्टर घालता घालता केली असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिचं मूळ मेलेली माणसं मोजणाऱ्या कारकुनांकडे आहे, आणि ते ध्यानात ठेवलं की तिच्यातल्या बऱ्याच विचित्र गोष्टींचा उलगडा होतो.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापून निघत. मढं पाहून मरणाचं कारण सांगण्याचं काम बहुधा गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे. जॉन ग्राँट नावाच्या कापडसामानाच्या एका व्यापाऱ्याने या याद्या गोळा करून १६६२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला १६३२ सालचा तक्ता आजही वाचण्यासारखा आहे. ‘दात’ या कारणाने ४७० मेले, म्हणजे दात येण्याच्या वयातली पोरं. ‘शोक’, ११. बुडून, ३४. आणि ‘निरनिराळ्या अपघातांत’, ४६. या ४६ जणांपैकी कुणाची कवटी फुटली, कुणाच्या बरगड्या मोडल्या, याच्याशी यादीला कर्तव्य नव्हतं. मोडलेलं हाड त्या एका शब्दात गडप झालं होतं आणि पुढची जवळजवळ तीन शतकं ते तिथेच राहिलं.

हाडांच्या जाणकारांचं घराणं याहून कितीतरी जुनं. लक्सरला १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकी गृहस्थाने एक पपायरस विकत घेतला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या त्या इजिप्शियन गुंडाळीत जखमांच्या ४८ केसेस आहेत. सुरुवात डोक्यापासून, मग चेहरा, मान, खांदा, छाती, आणि प्रत्येकीत एक निवाडा: यावर उपचार करीन, याच्याशी झुंज देईन, किंवा यावर उपचार नाही. पाठीच्या कण्यापाशी लिहिणारा वाक्याच्या मध्येच थांबला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मोडलेल्या हाडांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. हाडाचा चुरा झाला, ते चेपलं, वाकलं, नुसतीच चीर गेली, सालपट निघालं, असे भेद. इजिप्तचा वैद्य काय किंवा सुश्रुत काय, दोघांचं वर्गीकरण एकाच प्रश्नातून निघालं आहे: आता मी काय करू?

कारकुनाचा प्रश्न अगदीच निराळा होता: हा कशाने गेला? इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ साली सुरू झाली आणि लवकरच तिथे विल्यम फार नावाचा डॉक्टर आकडेवारीचं काम पाहू लागला. एकाच आजाराची तीन-चार नावं आणि एकाच नावाखाली चार आजार, असा कारभार पाहून तो वैतागला. शास्त्राला वजनमापं लागतात तशीच रोगांची ठरलेली नावं लागतात, असा त्याचा आग्रह होता. १८५३ साली ब्रुसेल्सला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने त्याच्यावर आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पीनवर सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचं काम सोपवलं. दोन वर्षांनी पॅरिसला दोघे दोन वेगळ्या याद्या घेऊन हजर! देस्पीनने रोग त्यांच्या प्रकृतीनुसार लावले होते, फारने मुख्यतः शरीरातल्या जागेनुसार. परिषदेने दोन्हींची मोट बांधून १३९ कारणांची यादी मंजूर केली. ती चालली नाही. टिकली ती फारची रचना. तिच्यात पाच मोठे गट होते: साथीचे रोग, सर्वांगाचे रोग, जागेनुसार रोग, वाढीतले दोष आणि पाचवा, हिंसेतून थेट उद्भवलेल्या गोष्टी. आपल्या मनगटाचं कूळ हे पाचवं घर. एस ५२ च्या पुस्तकात आजही इजांचं प्रकरण रोगांच्या पंगतीत न बसता शेवटाकडे का येतं, त्याचं कारण हेच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८६० च्या लंडन परिषदेत हीच यादी इस्पितळातल्या जिवंत रुग्णांसाठीही वापरा, असं सुचवलं होतं. ते ऐकलं असतं तर ही कथा ऐंशी-नव्वद वर्षांनी आखूड झाली असती.

पुढचा माणूस जाक बर्तिलाँ, पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख. याच्या आईचे वडील आशिल गियार यांनीच १८५३ चा तो ठराव मांडला होता, म्हणजे धंदा घराण्यातलाच. धाकटा भाऊ आल्फाँस पॅरिसच्या पोलिसांत होता आणि गुन्हेगारांची डोकी, पावलं, कोपराखालचे हात मापून त्यांची ओळख पटवण्याची पद्धत त्याने काढली होती. एक भाऊ जिवंत चोरांची हाडं मोजतोय आणि दुसरा मेलेल्यांची कारणं! जाकची यादी १८९३ साली शिकागोत सादर झाली. तिची ४४, ९९ आणि १६१ नावांची तीन रूपं होती. १९०० साली पॅरिसला २६ देशांनी ती सुधारून घेतली आणि दर दहा वर्षांनी उजळणी करण्याचा पायंडा पडला.

पण या याद्यांत मोडलेल्या हाडाची काय पत होती? १९०९ च्या सुधारणेत एक नोंद होती: अस्थिभंग (कारण नमूद नाही). कंसातल्या त्या तीन शब्दांत सगळं येतं. माणूस घोड्यावरून पडून मेला, खाणीत दबला, आगगाडीखाली सापडला, तर नोंद त्या त्या कारणाची. हाडाला स्वतःचं नाव मिळे ते फक्त कारण कळलं नाही तर.

हे बदललं १९४८ साली. यादी नव्याने जन्मलेल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिची सहावी आवृत्ती प्रथमच मरणाबरोबर आजारपणासाठीही बनवली गेली. जिवंत माणसं मोजायची म्हटल्यावर मोडलेलं हाड टाळता येईना. मनगट मोडून सहसा कुणी मरत नाही, पण दवाखान्यात मात्र रोज कुणीतरी येतं. तेव्हा एकाच इजेला दोन नंबर देण्याची तोड निघाली. ‘ई’ने सुरू होणारा नंबर कशाने लागलं ते सांगे, ‘एन’ने सुरू होणारा काय मोडलं ते. एन ८०० ते ८२९ ही सगळी जागा फ्रॅक्चरांना मिळाली, कवटीपासून पावलापर्यंत. पपायरसवाल्याचा वरून खाली येण्याचा क्रम कारकुनाच्या वहीत असा नकळत उतरला.

ही दुहेरी नोंद मला या सगळ्या कुळकथेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. तरीही मृत्यूच्या दाखल्यावर जुनं वळण गेलेलं नाही. आजी न्हाणीघरात पडते, खुब्याचं हाड मोडतं, अंथरुणाला खिळते, न्यूमोनिया होतो आणि ती जाते. नियमाने मृत्यूचं मूळ कारण ‘पडणं’ हेच धरलं जातं. खुबा त्यामागे उभा राहतो. आणि दहाव्या आवृत्तीतही एक्स ५९.० असा एक कोड आहेच: अस्थिभंग घडवणारं अनिर्दिष्ट कारण. १९०९ ची ती नोंद नाव बदलून जगली आहे.

दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली, आणि तिची इजांची रचना पाहून कुणाच्याही तोंडून वाहवा निघावी. ‘एस’नंतरचा पहिला आकडा शरीराचा भाग सांगतो: ० डोकं, १ मान, २ छाती, ३ कंबर-ओटीपोट, ४ खांदा-दंड, ५ कोपराखालचा हात, ६ मनगट-पंजा, ७ मांडी, ८ पोटरी, ९ पाऊल. दुसरा आकडा इजेची जात सांगतो, आणि त्यात फ्रॅक्चरला २. म्हणजे एस ०२ कवटी आणि चेहरा, एस २२ बरगड्या, एस ७२ मांडीचं हाड, एस ९२ पाऊल. हे एकदा कळलं की पाठ करायला काही उरत नाही. फक्त एका बाबतीत ती मुकी आहे. हात डावा की उजवा, हे तिला सांगता येत नाही. आपल्याकडे विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये इस्पितळाने भरायच्या भागात जो आयसीडी-१० चा रकाना असतो, त्यातही हाताची बाजू शब्दांतच लिहावी लागते.

अमेरिकेने ही उणीव भरून काढली, आणि अशी की हसावं की रडावं कळेना. तिथे १९८३ पासून मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना इस्पितळांना निदानाच्या गटानुसार पैसे देऊ लागली, आणि मोजणीचा नंबर बिलाचा नंबर झाला. २०१५ च्या १ ऑक्टोबरपासून त्यांची स्वतःची वाढवलेली दहावी आवृत्ती लागू झाली. तिच्यात फ्रॅक्चरच्या कोडला सात जागा आहेत. एस ५२.५३१ए म्हणजे उजव्या रेडियसचं कॉलीस फ्रॅक्चर, बंद, उपचार चालू. हा कॉलीस डब्लिनचा सर्जन. त्याने १८१४ साली, एक्स-रे निघायच्या एक्क्याऐंशी वर्षं आधी, नुसत्या हाताने चाचपून या फ्रॅक्चरचं वर्णन केलं होतं.

सातव्या जागेचं अक्षर हाच कोडिंग शिकणाऱ्यांचा खरा छळ. ‘ए’ म्हणजे पहिली भेट असं बहुतेकांना वाटतं. खरं तर उपचार चालू असेपर्यंत ‘ए’च राहतो, मग भेटी कितीही होवोत. हाड नीट जुळतंय तर ‘डी’, उशिरा जुळतंय तर ‘जी’, जुळलंच नाही तर ‘के’, वाकडं जुळलं तर ‘पी’. कंपाउंड फ्रॅक्चर, म्हणजे वरची कातडी फाटलेलं, असेल तर अक्षरं पुन्हा बदलतात. तिथे रामोन गुस्तिलो आणि जॉन अँडरसन यांनी १९७६ साली मिनियापोलिसहून १,०२५ उघड्या फ्रॅक्चरांचा अभ्यास प्रसिद्ध करून ठरवलेली प्रतवारी लागते. जखम एक सेंटिमीटरच्या आत की मोठी, मांस किती चिरडलं, आणि १९८४ च्या भरीनुसार हाड झाकायला कातडी उरली का, धमनी तुटली का. अशी एकूण सोळा अक्षरं. आय, एल आणि ओ गाळली आहेत. डावा, उजवा आणि न लिहिलेला अशा तीन बाजू धरल्या की एका कॉलीस फ्रॅक्चरचे ४८ कोड होतात. योगायोग असा, की पपायरसातल्या एकूण केसेसही तेवढ्याच.

सर्जनांची स्वतःची पद्धत या काळात वेगळीच चालत राहिली. स्वित्झर्लंडच्या माउरिस म्युलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली एओ ही संस्था काढली. म्युलरच्या वर्गीकरणात दंड १, कोपराखालचा हात २, मांडी ३, पोटरी ४. मग हाडाचा वरचा, मधला की खालचा भाग. मग ए, बी, सी अशी गुंतागुंत. म्युलर विचारत होता तो सुश्रुताचाच प्रश्न. ऑपरेशन थिएटरमध्ये आजही हीच भाषा चालते, आणि बिलाच्या खिडकीत एस ५२. दोन्ही घराणी भेटतात ती फक्त अमेरिकी कोडच्या त्या शेवटच्या अक्षरात, गुस्तिलोच्या प्रतवारीपुरती.

या अक्षरांवर आज पुण्यात, नवी मुंबईत बसून मराठी मुलं-मुली पोट भरतात. समोर अमेरिकेतल्या रुग्णाचा कागद असतो, त्यात डॉक्टरने फक्त ‘फ्रॅक्चर’ लिहिलेलं असतं. नियम ठरलेला: उघडं की बंद ते लिहिलं नसेल तर बंद धरा, हाड सरकलंय की नाही ते लिहिलं नसेल तर सरकलेलं धरा. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आहे. तिच्यात मूळ कोडला बाजू, जागा, उघडं-बंद यांची शेपटं हवी तशी जोडता येतात, आणि आपल्या मनगटाचा नंबर एनसी ३२.५ होतो. एस ५२ शिकलेल्यांना तोही पाठ करावा लागणार, आणि मनगट तिथेही कोपराखालच्या हातातच आहे.