लिनोकट

लिनोलियमच्या तक्त्यावर कोरलेल्या ठशावरून छापलेले उठाव मुद्राचित्र. फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार केलेले लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरण्याचे साधन. जवसाचे घट्ट केलेले तेल, राळ व बुचाची भुकटी यांचा थर तागाच्या कापडावर बसवून ते करतात. लाकडासारखे रेशे त्यात नसल्याने हत्यार कोणत्याही दिशेने सारखेच फिरते, मात्र लाकडाच्या पोताची खुमारी ठशात उतरत नाही. तक्ता किंचित कोमट करून त्यावर चित्र उलटे रेखाटतात, कोरे राहायचे भाग खोदून काढतात, उरलेल्या उंचवट्यांवर रुळाने शाईचा पातळ थर देतात आणि कागद ठेवून दाबयंत्राने किंवा नुसत्या चमच्याच्या पाठीने घासून छाप घेतात. शाई जास्त झाली की बारीक रेघा बुजतात. रंगीत छपाईसाठी पिकासोने एकच तक्ता टप्प्याटप्प्याने कोरत नेण्याची रीत प्रभावीपणे वापरली. तीत आधीचा टप्पा नष्ट होत असल्याने प्रती वाढवता येत नाहीत. भारतात चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेतील गांधीजी काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषांत उभे केले, तर मुंबईत स्थायिक झालेल्या चित्रकार चित्तप्रसाद यांनी श्रमिकांचे व मुलांचे जगणे या माध्यमात अधिक धारदारपणे मांडले.